सांडव्यावरची साडी

जगातलं कुठलंही पाणी आपल्याला विचारल्याशिवाय जागचं हलू नये, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. नळ गळतोय म्हटलं की इतरांना प्लंबर आठवतो, ह्यांना प्रलय आठवतो. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी न्हाणीघराच्या दिशेनं कान टवकारतात. देवळात गेले तर घंटा वाजवायच्या आधी अभिषेकाचं पाणी कुठल्या बाजूनं बाहेर जातं ते बघून येतात. घरात, गल्लीत आणि मागावर सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. बेळगावच्या वडगावात त्यांचे साड्यांचे माग आहेत. खटाखटा चालणाऱ्या त्या पॉवरलूमच्या गोंगाटात शेजारचा माणूस काय ओरडतोय ते कळत नाही, पण मागच्या अंगणातल्या टाकीचा थेंब पडला की अण्णांना कळतो.

आमची पहिली भेट ते मुलगी बघायला आले तेव्हाची. खानापूरच्या अलीकडे आमचं गाव. मी बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करतो, रोज जाऊन येऊन. माझी मुलगी पोह्यांची बशी घेऊन आली, खाली मान घालून बसली, आणि अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. शेवटी त्यांच्या मंडळींनी कोपरानं ढोसलं तेव्हा म्हणाले, "पोरगी पसंत हाय वो. त्यात काय बघायचंय? पण ह्यो बांध कुणी घातला?"

बांध माझ्या वडिलांनी घातलेला. आमच्या रानात दोन उंचवट्यांच्या मधे खोलगट जागा आहे, तिथं त्यांनी बैलगाड्यांनी माती आणून ओतली, धुमसली, आणि आडवा बांध उभा केला. मागे तळं झालं. सरकारचा त्याच्याशी काही संबंध नाही. बांधाच्या खाली आमची भातं, आणि भातांच्या खाली माझ्या चुलत आक्काची वस्ती: तिचं घर, तिच्या दिरांची घरं, म्हशी, पोरंबाळं. बांधाच्या एका टोकाला कमरेइतका खोल दगडी सांडवा आहे. तळं भरलं की जास्तीचं पाणी त्या वाटेनं निमूट ओढ्याला जावं म्हणून. मातीच्या बांधाच्या डोक्यावरून पाणी गेलं की बांध राहत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण ते दर आठवड्याला सांगायला मात्र माझा व्याही लागतो. त्या दिवशी पोहे तसेच ठेवून ते बांधावर गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, मधेच पाय आपटून बघितला, आणि परत येऊन बैठकीत जाहीर केलं, "लग्न ठरलं. पण बांधाकडं बघायला पायजे."

लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळे अक्षता टाकत होते आणि वरपिता मांडवाचा खांब दोन्ही हातांनी हलवून बघत होता. खांब हलला नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं. बेळगाव-खानापूर बसमध्ये ते नेहमी संकटकाळी बाहेर पडायच्या दारापाशी बसतात. एकदा ते दार खरोखर उघडतं का, हे त्यांनी चालत्या गाडीत उघडून बघितलं. दार उघडलं. मिटलं मात्र नाही. कंडक्टर म्हणाला, "उघडलं कुणी? मग धरा आता." देसूरपर्यंत अण्णा दार धरून उभे होते, आणि उतरल्यावर मला अभिमानानं म्हणाले, "चालू हाय बघा दार. मनात शंका हुती, ती गेली."

त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू हे शेवटी कापड आहे. रस्ता हे कापड, भिंत हे कापड, माणसाची अब्रू हेही कापड. उभे धागे, आडवे धागे, आणि कुठंतरी एक निसटलेला. तो निसटलेला धागा शोधण्यात त्यांची हयात गेली. बांधाकडेही ते तसंच बघतात. बांधाच्या उतारावर खेकड्याचं बीळ दिसलं की त्यांचा चेहरा साडीला भोक पडल्यासारखा होतो. "कापडाचं भोक रफू करता येतं, पावनं. बांधाचं भोक रातीत दार हुतंय." मग खेकडा बाहेर काढायचा, बीळ काळ्या मातीनं ठासून बुजवायचं. पण अण्णा पक्के शाकाहारी. माझ्या बायकोनं अंडं उकडलेल्या भांड्यातला चहासुद्धा त्यांना वासावरून कळतो. खेकडा मारवत नाही, आणि तिथंच सोडला तर तो पुन्हा बीळ करणार. म्हणून ते खेकडे पिशवीत घालून बसनं नेतात आणि वाटेतल्या एखाद्या ओढ्याला सोडतात. एकदा पिशवीतून एक सुटला तेव्हा अख्खी बस बाकांवर पाय घेऊन बसली होती. हे ऐकल्यापासून आक्का त्यांना बघितलं की विचारते, "पावनं, आज कितीजणास्नी सासरी पोचवून आलासा?"

आणि त्यांचा तो काचेचा पेला. बांधाच्या पायथ्याशी एका जागी थोडं पाणी झिरपतं. वडिलांच्या काळापासून झिरपतं. अण्णा येताना रुमालात गुंडाळून एक पेला आणतात, त्यात ते पाणी धरतात आणि सूर्याकडे करून एक डोळा मिटून बघतात. "निवळ असलं तर समजायचं, बांधाला घाम आलाय. उभं राहून काम करतोय, घाम यायचाच. पण गढूळ आलं की समजायचं, आतनं माती चाललीया." एका उन्हाळ्यात दुपारी ते पेला उशाशी ठेवून आमच्या सोप्यात झोपले होते. बायकोनं रिकामा पेला बघितला आणि प्रेमानं त्यात ताक ओतून ठेवलं. अण्णांनी अर्धवट झोपेत डोळे उघडले, पेला बघितला, आणि अनवाणी जे धावत सुटले ते बांधावर पोचल्यावरच थांबले. तळ्यात तेव्हा म्हशी बसायला पुरेल एवढंच पाणी होतं. परत येऊन ते ताक प्यायले, आणि म्हणाले, "मीठ कमी हाय."

त्यांचा राग कुणाला कळत नाही असं त्यांना वाटतं. आम्हा सगळ्यांना कळतो. साधा राग मराठीत असतो. खरा राग आला की ते कन्नडात जातात. माझी मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, मामंजी मराठीत ओरडले तर मी काम करत राहते. 'एन्री इदु', हे काय हो, म्हणाले की गॅस बंद करते."

आता त्या साडीचं सांगतो. आमच्याकडे तळं भरलं, सांडवा पहिल्यांदा वाहिला, की तळ्याची ओटी भरायची पद्धत आहे. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. आम्ही आपले एक खण पाण्यावर सोडायचो. सोयरीक झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात अण्णा म्हणाले, "भरल्या पोटाच्या बाईची वटी खणावर भागवता व्हय? साडी पायजे." आणि साडी दुकानातली नको, पॉवरलूमची नको. त्यांच्या माडीवर वडिलांच्या वेळचा एक हातमाग आहे, कोष्ट्याचा खड्ड्यातला माग काढून वर नेऊन बसवलेला. त्यावर वर्षात एकच साडी विणली जाते. आमच्या तळ्याची. नऊवार, हिरवी, लाल काठाची, सुती, आणि विण अशी घट्ट की अण्णा ती झोळीसारखी धरून त्यात तांब्याभर पाणी ओतून दाखवायचे. थेंब गळायचा नाही. "माणसाची साडी इकायची असती," म्हणायचे, "ही नेसवायची हाय."

दर पावसाळ्यात ती साडी तळ्यात सोडली जायची, आणि दोन दिवसांनी वाऱ्यानं काठाला लागायची. ती मी काढून वाळवून रानातल्या खोपीत ठेवायचो. बायको नेसायला तयार नाही. "तळ्याची साडी मी कशी नेसू? उद्या मलाच पाझर फुटायचा." अशा काही वर्षांच्या साड्या खोपीत घडी घालून पडल्या होत्या.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. ऑफिसात वीस जणांच्या तक्रारी ऐकतो, माझी कुणी ऐकलेली नाही. मला काही लागलं तर मी गप्प बसतो, आणि गप्प बसून काहीतरी करून ठेवतो. तीन-चार वर्षांपूर्वी मी तळ्यात मासे सोडले. कटला, रोहू. संध्याकाळी कामावरून आलं की बांधावर बसून त्यांना भाताचे कण टाकायचे, यापलीकडे मला त्यातून काही नको होतं. पण पावसाळ्यात सांडवा वाहिला की त्यातून मासे खाली जातात, आणि आक्काची वस्ती टोपल्या घेऊन ओढ्यात उभी असते. हे वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं. पहिल्या वर्षी माझे हाताएवढे कटले तिच्या कालवणात गेले. तिनं वाटीभर कालवण आमच्याकडे पाठवलंही. मी जेवलो नाही, डोकं दुखतंय म्हणालो. बोललो काहीच नाही. पुढच्या पावसाच्या आधी बाजारातून जाळी आणायची म्हणत राहिलो, ती राहिली. मग एका रविवारी मी खोपीतल्या साड्या काढल्या, दुहेरी घडी केली, सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या दगडात पहारी ठोकल्या, वर आडवा बांबू बांधला, आणि तळ्याच्या साड्या सांडव्यावर पडद्यासारख्या ताणून बांधल्या. खालून दगड ठेवले. पाणी झिरपून जाईल, मासे राहतील, असा हिशोब; अण्णांचा तो तांब्याभर पाण्याचा प्रयोग तेव्हा आठवलाच नाही. बायकोलाही सांगितलं नाही.

पाऊस लागला. पाण्याबरोबर पाचोळा आला, शेवाळ आलं, भाताचं पिंजर आलं, आणि ते सगळं त्या साड्यांवर थापून बसलं. मी रोज अंधारात जायचो, अंधारात यायचो, आणि रविवारी घरात पडून राहायचो. बांधाकडे गेलो नाही, कारण तिकडे बघायची मला लाज वाटत होती. अण्णांचा मात्र रोज सकाळी फोन. "पावनं, सांडवा व्हायला का?" मी म्हणायचो, "अजून नाही अण्णा." खोटं नव्हतं ते. म्हणून तर जास्त वाईट होतं. त्यांची त्या वर्षीची साडी पिशवीत तयार होती, आणि तळं भरल्याची बातमी काही येईना. शेवटी आठवडाभर धो धो लागल्यावर एका रविवारी सकाळच्या बसनं ते स्वतःच आले. एका हातात साडीची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, खिशात पेला. बायकोनं चहा पुढे केला. "आधी तळं," म्हणाले, "मग च्या."

मी मागोमाग गेलो.

बांधावर चढून अण्णा थांबले. पाणी बांधाच्या माथ्याला हातभर राहिलं होतं, आणि वाऱ्यानं लाट आली की त्याहून कमी. तिकडे सांडव्याच्या तोंडाशी पाचोळ्याचा एक मोठा ढीग दिसत होता आणि त्याखालून करंगळीएवढी धार चालली होती. साडी दिसत नव्हती. अण्णांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. आणि मी त्यांना पहिल्यांदाच खरोखर घाबरलेलं बघितलं. आयुष्यभर हजार भीत्या बाळगलेला माणूस, पण त्यातली एकही कधी समोर येऊन उभी राहिलेली नव्हती.

"पावनं," ते हळू म्हणाले, "सांडवा व्हायना आन् पाणी माथ्याला. म्हंजे बांध खाली बसला वो. खचला."

त्यांच्या हिशोबात काही चूक नव्हती. सांडवा मोकळा आहे असं धरलं, तर पाणी अजून त्याच्या उंबऱ्याखालीच, आणि तरी ते माथ्याला टेकलं, म्हणजे बांधच खाली बसला असणार. ते खालच्या काठाला धावले आणि छत्री हलवत ओरडले, "आक्का! ओ आक्का! म्हसरं सोडा! पोरास्नी वर घ्या!"

खालून आक्का पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन दारात आली. "व्हय व्हय!" ती ओरडली. "गेल्या साली बी सोडल्याली! त्येच्या आदल्या साली बी! म्हसरं आता तुमची छत्री बघून दूध चोरत्यात पावनं!"

आणि आत निघून गेली.

अण्णा माझ्याकडे वळले. पावसात त्यांचा चष्मा पांढरा झाला होता. "तुम्ही सांगा वो. माझं कोण ऐकतंय? तुम्ही कधी बोलत न्हाई, म्हणून तुमचं ऐकतील."

त्यांच्या घरात माझी मुलगी आहे. तळ्याला देवी मानून ज्यानं वर्षातून एकदा हातमागावर बसावं, त्याला हे कसं सांगायचं, असा विचार मनात आला आणि त्याच वेळी बांधाच्या माथ्यावर एक लाट येऊन ओला पट्टा ठेवून गेली. मी म्हणालो, "अण्णा, बांध खचलेला नाही. सांडवा मी बांधलाय."

"कशानं?"

"तुमच्या साड्यांनी. मासे जाऊ नयेत म्हणून."

मी वाट बघत होतो, पहिला शब्द कुठल्या भाषेत येतो याची. अण्णांनी छत्री मिटली, जणू आता ती उघडी ठेवण्यात काही अर्थ राहिला नव्हता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

"एकेरी का दुहेरी?"

"दुहेरी."

त्यांनी सांडव्याकडे बघितलं. देवाशपथ सांगतो, त्या घाबरलेल्या चेहऱ्यावरून क्षणभर एक वेगळीच कळा सरकून गेली. "मग न्हाय जायचं पाणी," ते म्हणाले. मराठीत.

मी खाली बघून हाक मारली. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. "आक्का! पोरांना घेऊन वर ये! सगळ्यांना आण! मी सांगतोय!" आक्का पुन्हा दारात आली. माझ्याकडे बघितलं. एक शब्द उलट बोलली नाही. पदर खोचला, पोरांना बाहेर काढलं, म्हशींचे दोर सोडले, आणि दिरांना हाका मारत सगळी वस्ती उंचवट्यावर चढवली. एवढा विश्वास माझ्याकडे पडून होता आणि मी त्यावर मासे राखत बसलो होतो.

खोपीतून मी कोयता आणला. अण्णांनी पिशवीतून नवी साडी काढली, घडी मोडली, पीळ घातला, एक टोक माझ्या कमरेला बांधलं आणि दुसरं टोक सांडव्याच्या काठावरच्या जांभळीच्या बुंध्याला वेढा देऊन स्वतःच्या हातात घेतलं. "ही गाठ कोष्ट्याची हाय," ते गाठ आवळत म्हणाले. "माग तुटंल, ही सुटायची न्हाय. तुम्ही बांधलासा, तुम्हीच तोडा. मी धरतो."

मी कडेकडेनं सांडव्यात उतरलो. पाचोळा बाजूला केला, साडी हाताला लागली. ताणानं फळीसारखी झाली होती. कोयता मारला. काही झालं नाही. पुन्हा मारला.

"काठावर मारू नका!" वरून अण्णा ओरडले. "काठ न्हाय तुटायचा! धार जाईल कोयत्याची! पदराचा जोड शोधा, जोड! हातानं चाचपा!"

पाण्याखाली हात घालून मी चाचपलं. साडीचं अंग संपून पदर सुरू होतो तिथं एक बारीक उंचवटा लागला. तिथं कोयत्याचं टोक घातलं आणि ओढलं. जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. अण्णांनी डोळे मिटलेले मी बघितले. मग मला काही बघता आलं नाही, कारण अख्खं तळं माझ्या अंगावर आलं.

मी वाहून गेलो असतो. नऊवारीनं कमरेला हिसका दिला आणि मी सांडव्याच्या दगडाला पाठ लावून लोंबकळत राहिलो, पाणी दोन्ही बाजूंनी गर्जत खाली चाललेलं. अण्णांच्या हातांना आक्काचेही हात येऊन मिळाले होते. दोघांनी ओढून मला काठावर घेतलं. मी नाकातोंडातलं पाणी काढत पडलो, तर मला लहानपणापासून आप्पा म्हणणारी आक्का कमरेवर हात ठेवून म्हणते, "आप्पा, किती किलोचा हाईस रं? मोठा मासा घावला म्हणून आलतो आमी!"

अण्णांनी जांभळीची एक काडी मोडून पाण्याच्या कडेला रोवली आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. आम्हीही बसलो. सगळी वस्ती उंचवट्यावरून बघत होती. सांडवा असा चालला होता की बोललेलं ऐकू येईना. थोड्या वेळानं काडीच्या बुडाशी ओली माती उघडी पडली. मग बोटभर. मग वीतभर. अण्णांनी पेला काढला, बांध उतरून पायथ्याशी गेले, पाणी धरलं आणि ढगातून येईल त्या उजेडाकडे केलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्या माणसाच्या पेल्याकडे इतक्या जणांनी इतक्या गंभीरपणे कधी बघितलं नसेल.

"निवळ!" ते खालून ओरडले. "घाम हाय, घाम!"

आक्का मटकन खाली बसली आणि हसायला लागली. मग मी तिलाही सांगितलं. एकदा तोंड उघडलंच होतं. साड्या, मासे, तिची टोपली, न जेवलेली कालवणाची वाटी, सगळं. ती हसायची थांबली. तिनं सांडव्याकडे बघितलं. तिथून माझे कटले चांदीसारखे चमकत खाली ओढ्यात चालले होते.

"सांगायचं हुतंस रं," ती म्हणाली. "न्हाय धरलं असतं."

मग तिनं विचारलं, "आता धरू का?"

"धर," मी म्हणालो. वस्ती टोपल्या घेऊन धावली.

तोवर माझी बायको नारळ घेऊन धापा टाकत आली होती. सांडवा वाहिला होता, ओटी भरायला हवी होती. नवी साडी चिखलानं माखलेली, पिळलेली, माझ्या कमरेची गाठ अजून तिला तशीच. अण्णा ओशाळले. "मळली वो. अशी कशी द्यायची?" आक्का म्हणाली, "तळ्याला कसला मळ पावनं? तिच्याच पाण्यानं मळली ती." आणि तिनंच तळ्याची ओटी भरली. खाली ओढ्यात मासे धरल्याचा गलका चालू होता, आणि पायाशी एक चुकार रोहू उड्या मारत असताना अण्णा "शिव शिव" म्हणत, धोतर वर धरून, हात जोडून उभे होते.

बसमध्ये बसवायला गेलो तेव्हा त्यांच्या मांडीवर फाटक्या साडीचा तुकडा होता. कडा बोटांनी तपासत होते. मला वाटलं आता बोलतील. मुलीच्या संसाराचं काय होणार, हे डोक्यातून गेलं नव्हतं. ते म्हणाले, "फाटली, पण एक धागा निसटला न्हाय बघा." आणि बस हलता हलता खिडकीतून मान काढून, "मासं राखायला आमची साडी, ती बी हातमागाची! पावरलूमची वापरायची की वो, पावनं!" घरी त्यांनी एवढंच सांगितलं की तिकडं पाऊस चांगला हाय. मुलीला सगळं मीच फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढं सलग बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं."

सांडवा आम्ही रुंद करून घेतला. पहारी उपटल्या. पुढच्या पावसाळ्यात अण्णांनी आणलेली ओटीची साडी बघून सगळे चाट पडले. विण अशी विरळ की त्यातून पलीकडचं जांभळीचं झाड दिसत होतं. आक्का म्हणाली, "ही साडी का मच्छरदाणी?" अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "आता कुणी बांधली तरी पाणी जाईल."

यंदा त्यांचे गुडघे धरले आहेत आणि डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. यंदाची साडी माझ्या मुलीनं विणली, ते शेजारी बसून हातानं विण चाचपत होते. घट्ट विणू नको म्हणून सांगून सांगून तिला त्यांनी भंडावून सोडलं. सांडवा वाहिला त्या दिवशी ते आले, पण बांध चढवेना. पायथ्याशी खुर्ची टाकून दिली, तीत बसले. झिरप्याजवळ वाकून मी पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला. सवयीनं त्यांनी तो उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटून बघितला. पेला मला परत दिला.

"मला आता सगळंच गढूळ दिसतंय," ते म्हणाले. "तुम्ही बघा."

मी बघितलं. "निवळ आहे अण्णा."

त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत मागे टेकले. ज्या माणसानं चालत्या बसचं दार उघडून बघितलं, मांडवाचा खांब हलवून बघितला, त्यानं पुन्हा विचारलं नाही. वर सांडवा आपल्या वाटेनं वाहत होता. ते डोळे मिटून त्याचा आवाज ऐकत होते, आणि मी तो पेला हातात घेऊन पुन्हा उजेडाकडे धरला, नीट, खूप वेळ. आता बघायचं माझ्याकडे आलं होतं.